रोल बिघडतो तो उलटं होण्याआधीच: एलेरॉन रोल, स्लो रोल आणि बॅरल रोल, पायरीपायरीने

रोल म्हणजे विमानाने आपल्या लांबीच्या अक्षाभोवती घेतलेली पूर्ण फेरी, आणि त्याबद्दल नवशिक्याची तक्रार ठरलेली असते. सुरुवात झकास होते, विमान उलटंही होतं, पण शेवटच्या पाव फेरीत नाक क्षितिजाखाली घसरतं, दिशा वीस-तीस अंशांनी चुकते आणि वेग भराभर चढतो. मग पुढच्या खेपेला तो शेवटची पाव फेरी दुरुस्त करायच्या मागे लागतो. चूक तिथे नसतेच. एलेरॉनला (पंखांच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या फळ्यांना) हात लावायच्या आधीच्या दोन सेकंदांत ती होऊन गेलेली असते. एकतर नाक पुरेसं वर घेतलेलं नसतं, नाहीतर वर घेतल्यावर स्टिकवरची (वैमानिकाच्या हातातल्या दांड्यावरची) मागची ओढ सोडलेली नसते.

पुढचं सगळं त्या दोन सेकंदांना धरून लिहिलं आहे. विमान पिस्टन इंजिनाचं, ॲरोबॅटिक्ससाठी (हवेतल्या कसरतींसाठी) प्रमाणित, दोन आसनी आणि शेजारी किंवा मागे हाच विषय शिकवणारा प्रशिक्षक, हे गृहीत आहे. यातलं काहीही वाचून एकट्याने करून बघायचं नाही.

## १. विमान: काय चालतं, काय नाही

"नीट केलेला रोल एका जीमध्ये होतो, मग साधं विमान का चालणार नाही?" हा प्रश्न दर वेळी येतो. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला भार: सीटवर दाबणारा धन, सीटवरून उचलणारा ऋण. नीट केलेला रोल पंखांना फार त्रास देत नाही, हे खरं. त्रास होतो तो बिघडलेल्या रोलमधून बाहेर पडताना. नॉर्मल वर्गातलं विमान साधारण ३.८ जी धन आणि १.५२ जी ऋण एवढ्यासाठी प्रमाणित असतं, ॲरोबॅटिक वर्गातलं किमान ६ आणि ३ जीसाठी. घाबरलेला माणूस डाइव्हमधून विमान ओढून काढताना चार जी सहज गाठतो. हा हिशोब आधी करायचा असतो, हवेत नव्हे.

उड्डाणापूर्वी विमानाच्या हँडबुकात पाच गोष्टी शोधून कागदावर उतरवा:

१. कोणत्या रोलना परवानगी आहे. एलेरॉन रोलला आहे म्हणून स्नॅप रोलला असेलच असं नाही.
२. प्रत्येक प्रकाराचा प्रवेशवेग. दुसऱ्या विमानाचा ऐकीव आकडा वापरू नका.
३. ॲरोबॅटिक वर्गातलं कमाल वजन आणि गुरुत्वमध्याची मर्यादा. दोन माणसं, दोन पॅराशूट आणि भरलेली टाकी एवढ्यानेच कित्येक विमानं या मर्यादेबाहेर जातात. सामानाचा कप्पा रिकामा हवा.
४. उलट्या अवस्थेत इंधन आणि ऑइल पुरवणारी यंत्रणा आहे का आणि किती वेळ चालते.
५. एलेरॉन वळलेले असताना जीची मर्यादा किती.

पाचवा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो. रोल करता करता स्टिक ओढली की वर जाणाऱ्या पंखावर दुसऱ्यापेक्षा जास्त भार येतो, पण जी-मीटर विमानाच्या मध्यावरचा भार दाखवतो. म्हणून अशा वेळची मर्यादा सरळ ओढीच्या मर्यादेच्या दोन तृतीयांश धरतात. सहा जीच्या विमानात ती चारच. काटा साडेचारवर आहे म्हणून निश्चिंत बसलेला माणूस प्रत्यक्षात मर्यादा ओलांडून बसलेला असू शकतो.

प्रॉपेलरकडेही बघा. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन कायमचा ठरलेला) असेल तर डाइव्हमध्ये वेगाबरोबर आरपीएम चढतो आणि लाल रेषा नकळत ओलांडली जाते. थ्रॉटल मागे घ्यायची आठवण स्वतःलाच ठेवावी लागते. कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलर (फेऱ्या स्थिर ठेवायला पात्यांचा कोन आपोआप बदलणारा) ऑइलच्या दाबावर चालतो. क्षणभर दाब गेला तर साध्या प्रकारात पाती फाइन पिचकडे (चपट्या कोनाकडे) जातात आणि इंजिन बेफाम फिरायला लागतं. ॲरोबॅटिक प्रकारात काउंटरवेट असतात, त्यामुळे दाब जाताच पाती कोर्सकडे (तिरक्या कोनाकडे) वळतात आणि आरपीएम पडतो. आपल्या विमानात कोणता आहे हे माहीत नसेल तर उलट्या विमानात इंजिनाचा आवाज बदलल्यावर काय करायचं तेही कळणार नाही.

सावधान: इन्व्हर्टेड यंत्रणा (वरचा चौथा मुद्दा) नसलेल्या विमानात स्लो रोल करायचा नाही. एलेरॉन रोल आणि बॅरल रोल चालतात, तेही हँडबुकात परवानगी असेल तरच.

## २. कॉकपिट आणि पट्टे

खिसे रिकामे करा. पेन, नाणी, किल्ल्या, फोन, सगळं काढा. सीटखाली, रडर पेडलच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, पायांनी दाबायच्या पट्ट्यांच्या) मागे आणि स्टिकच्या बुडाशी टॉर्च मारून बघा. एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीच्या) जोडणीत अडकलेलं एक बॉलपेन स्टिक पुढे जाऊ द्यायचं नाही. पहिल्याच रोलमध्ये जी शून्याजवळ आला की फरशीवरची धूळ, वाळूचे कण, कधी एखादा विसरलेला स्क्रू डोळ्यांसमोर संथपणे तरंगत वर येतो. तो दिसला तर त्या दिवशीचा सराव संपला. उतरा, शोधा, काढा.

पट्टे बांधायचा क्रम असतो. आधी कमरेचा, तो खाली ओटीपोटाच्या हाडांवर बसवून जेवढा सोसवेल तेवढा आवळा. मग खांद्यांचे. उलट केलं तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर सरकवतात, आणि उलटं झाल्यावर शरीर सीटपासून दोन बोटं सुटतं. दोन बोटं म्हणजे किरकोळ वाटतं, पण तेवढ्याने पाय पेडलवरून निसटतात.

आता ही तपासणी, जी जवळजवळ सगळे टाळतात: पट्टे पूर्ण आवळलेले असताना स्टिक पुढच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत न्या. दोन्ही रडर शेवटपर्यंत दाबा. उंचीने लहान असलेल्यांचा हात पुढच्या कोपऱ्यात पोचत नाही, आणि ते पहिल्यांदा कळतं ते डोकं खाली असताना. पाठीमागे उशी घ्या, पेडल जवळ आणा, पुन्हा तपासा. बाजूला नेताना स्टिक मांडीला अडते का तेही बघा. अडत असेल तर पूर्ण एलेरॉन मिळालंय असं वाटतं, प्रत्यक्षात तीन चतुर्थांशच मिळालेलं असतं.

जायरोला (दिशा आणि कल दाखवणाऱ्या, फिरत्या चकतीच्या उपकरणांना) लॉक करायची सोय असेल तर लॉक करा. पॅराशूटच्या पॅकिंगची तारीख बघा आणि बाहेर पडायचा क्रम तोंडाने म्हणा: कॅनोपी, पट्टे, बाहेर.

## ३. उंची, जागा, नजर

हॅसेल तपासणी (कसरतीआधीची, इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेली यादी) बहुतेकांना पाठ असते: उंची, विमानाची स्थिती, सैल वस्तू, इंजिन, जागा, नजर. घोळ दोन ठिकाणी होतो.

पहिला, उंचीचा. शिकताना जमिनीपासून ४,००० ते ५,००० फुटांवर सुरू करा आणि ३,००० फुटांच्या वर सगळं संपलेलं असू द्या. जमिनीपासून म्हणजे जमिनीपासून. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनचा आकडा दाखवत असेल तर खालच्या भूभागाची उंची त्यात मिळवून किमान आकडा कागदावर लिहा. कायद्याने घातलेली किमान उंची याहून कमी असेल. ती शिकणाऱ्यासाठी नसते.

दुसरा, नजरेचा. जवळ दुसरं विमान नाही ना हे बघायला एकशे ऐंशी अंशांचं एक वळण किंवा नव्वदची दोन घ्या, आणि वळताना खालीसुद्धा बघा. चार-पाच मिनिटं झाली की पुन्हा घ्या.

खाली सरळ रस्ता किंवा कालवा निवडा, समोर क्षितिजावर ठळक खूण. धूसर दिवशी, क्षितिज दिसत नसताना, स्लो रोल शिकायला जाणं म्हणजे वेळ आणि इंधन वाया.

## ४. सुटका आधी, रोल नंतर

चांगला प्रशिक्षक पहिला रोल दाखवण्याआधी त्यातून बाहेर पडायला शिकवतो. कारण उलट्या अवस्थेत नाक खाली जाताना दिसलं की प्रत्येक माणसाचा हात आपोआप स्टिक मागे ओढतो. सरळ विमानात आयुष्यभर तेच केलेलं असतं. उलट्या विमानात त्याच ओढीने नाक थेट जमिनीकडे वळतं. यालाच स्प्लिट एस म्हणतात, आणि रोलमधल्या जीवघेण्या अपघातांची वाट बहुतेक इथूनच जाते.

आकडे डोळ्यांसमोर असू द्या. १२० नॉट वेगाने सपाट उलटं असताना ओढायला सुरुवात केली, तर ओढ चांगली भक्कम असूनही हजार फुटांच्या आसपास उंची जाते. वेग आधीच वाढलेला असेल किंवा नाक आधीच खाली असेल तर कितीतरी जास्त, आणि वाटेत कमाल वेगाची लाल रेषा ओलांडण्याची शक्यता वेगळीच.

सुटकेचा क्रम:

१. थ्रॉटल मागे, वेग वाढत असेल तर.
२. स्टिकची ओढ सोडा. सीटवर हलकं वाटलं पाहिजे.
३. जवळच्या बाजूने पूर्ण एलेरॉन, आकाश डोक्यावर येईपर्यंत.
४. पंख समतल झाले की एलेरॉन मध्यावर.
५. आता ओढा, एकसारखं, झटका न देता.

दोन आणि तीन यांचा क्रम उलटा केला तर एलेरॉन आणि ओढ एकत्र येतात. त्या वेळच्या मर्यादेबद्दल वर लिहिलंच आहे. शिवाय ओढ सोडलेलं विमान स्टॉल होत नाही (पंखांची उचल सुटत नाही) आणि स्वच्छ फिरतं.

तपासा: प्रशिक्षकाने विमान ६०, १२०, १८० अंशांवर ठेवून "तुझं" म्हटल्यावर हात आधी पुढे आणि मग बाजूला जातो का? पाचपैकी पाच वेळा जात नाही तोवर पुढे सरकू नका.

## ५. एलेरॉन रोल

सगळ्यात सोपा, आणि म्हणूनच सगळ्यात निष्काळजीपणे केला जाणारा. यात विमान फेकलेल्या दगडासारखं कमानीतून जातं. नाक वर करून फेकायचं, आणि ते खाली येईपर्यंत फेरी पूर्ण करायची.

नाक किती वर, हे रोलच्या वेगावर ठरतं आणि गणित साधं आहे. १२० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ मीटर. नाक २० अंश वर असताना त्यातले सुमारे २१ मीटर उभ्या दिशेने जातात. गुरुत्वाकर्षण हा वेग पुरता उलटवायला सव्वाचार सेकंद घेतं. म्हणजे सेकंदाला ९० अंश फिरणारं विमान चार सेकंदांत फेरी संपवतं आणि नाक सुरुवातीला जितकं वर होतं साधारण तितकंच खाली येऊन थांबतं. वाटेत उंची वाढते ती जेमतेम ७५ फूट. सेकंदाला ३६० अंश फिरणाऱ्या स्पर्धेच्या विमानाला याच वेगाला पाच अंश पुरतात. ४५ अंशांनी रमतगमत फिरणाऱ्या विमानाला आठ सेकंद लागतात, तिथे वीस अंश पुरतच नाहीत. दुसऱ्याच्या विमानातलं "नाक इतकं वर" आपल्या विमानात का चालत नाही, त्याचं उत्तर एवढंच.

१. उथळ डाइव्हने प्रवेशवेग गाठा. आरपीएमवर लक्ष.
२. पंख समतल, खूण समोर.
३. सुमारे दोन जीने नाक २० ते ३० अंश वर घ्या.
४. थांबा. ओढ सोडा, स्टिक मध्यावर, नाक वर जायचं थांबलेलं दिसलं पाहिजे. "एक" म्हणण्याइतका वेळ.
५. स्टिक पूर्ण बाजूला. ज्या बाजूला रोल, त्या बाजूचं थोडं रडर सोबत.
६. स्टिक तिथेच धरून ठेवा. पुढे नाही, मागे नाही. नजर नाकाच्या पलीकडे समोर, पंखाच्या टोकाकडे नव्हे.
७. पंख समतल व्हायला वीस-तीस अंश उरले की एलेरॉन मध्यावर आणायला लागा. विमान जितकं चपळ तितकं लवकर.
८. नाक क्षितिजाखाली असेल, ते हळूच वर घ्या.

पहिले काही रोल डावीकडे करा. वैमानिकाच्या बाजूने बघता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या प्रॉपेलरची विमानं डावीकडे जरा खुशीने फिरतात.

चौथी पायरी ही खरी पायरी आहे. ती गाळली की काय होतं बघा: नाक वर जात असतानाच एलेरॉन दिलं, स्टिक अजून मागे आहे. ९० अंशांवर तीच ओढ विमानाला बाजूला वळवते, म्हणून दिशा चुकते. १८० अंशांवर ती गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला येऊन नाक खाली खेचते. शेवटच्या पाव फेरीत जे दिसतं ते या दोन्हींची बेरीज. माणूस मात्र म्हणतो, "शेवटी रडर कमी पडलं."

दुसरी चूक भीतीची. विमान ९० अंशांवर आलं की हात नकळत एलेरॉन सैल करतो. फेरी मंदावते, चार सेकंदांची सहा होतात, दगड तर ठरल्या वेळी खाली येतोच. अर्ध्यावर थांबणं हा या रोलमधला सगळ्यात धोक्याचा बेत. सुरू केला की पूर्ण एलेरॉननेच संपवायचा.

तपासा: शेवटी दिशा चुकली पण नाक फार खाली नाही, तर चौथ्या पायरीत ओढ उरली होती. दिशा बरोबर पण नाक फारच खाली, तर सुरुवातीला नाक कमी उचललं किंवा एलेरॉन अर्धवट होतं.

## ६. स्लो रोल

इथे दगड नाही. विमानाने सरळ रेषेतच जायचं, नाकाने खुणेभोवतीच राहायचं, आणि ते राहावं म्हणून हातापायांना चारही पाव फेऱ्यांत वेगवेगळं काम. एलेरॉन रोल पाच-सहा उड्डाणांत बसतो. स्लो रोल एका मोसमात बसला तरी चांगलं म्हणायचं.

आधी सपाट उलटं उडवून बघा. क्षितिज कुठे दिसतं ते लक्षात ठेवा. वरच्या बाजूला जास्त फुगीर असलेल्या पंखांच्या विमानात उलट्या अवस्थेत उंची राखायला नाक क्षितिजाच्या बरंच वर ठेवावं लागतं आणि स्टिक अपेक्षेपेक्षा खूप पुढे न्यावी लागते. हे चित्र डोळ्यांत नसेल तर रोलमध्ये ते शोधायला वेळ मिळत नाही. पट्टेही इथेच कळतात: लटकताना सैल वाटले तर सरळ व्हा आणि पुन्हा आवळा.

उजवीकडच्या रोलचा क्रम देतो. डावीकडे पाय उलटे.

१. प्रवेशवेग, खूण समोर, नाक क्षितिजाच्या थोडं वर, ओढ सोडलेली.
२. एलेरॉन उजवीकडे, सोबत किंचित उजवा पाय. एलेरॉनमुळे नाक डावीकडे सरकू पाहतं, त्याला उत्तर म्हणून एवढंच.
३. पंचेचाळीस अंशांपासून डावा पाय वाढवत जा. ९० अंशांवर उजवा पंख खाली, डावा वर. वरच्या बाजूचं रडर म्हणजे डावं, तेच नाक उचलून धरतं. स्टिक पुढे-मागे मध्यावर.
४. ९० नंतर स्टिक पुढे जायला लागते, १८० अंशांवर सगळ्यात पुढे. डावा पाय हळूहळू सैल.
५. १८० नंतर स्टिक मध्याकडे परत, आणि उजवा पाय यायला लागतो.
६. २७० अंशांवर डावा पंख खाली. आता वरचं रडर उजवं, भरपूर. स्टिक मध्यावर.
७. शेवटच्या पाव फेरीत उजवा पाय हळूहळू कमी, स्टिक किंचित मागे, पंख समतल होताच सगळं मध्यावर.

थोडक्यात पाय: किंचित उजवा, मग डावा, मग उजवा. जमिनीवर खुर्चीत बसून, डोळे मिटून, तोंडाने अंश म्हणत हे पन्नास वेळा करा. वेडगळ दिसतं, पण पाय गोंधळण्याची चूक हवेत सुधारायला महाग पडते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक चौथ्या पायरीत आहे. स्टिक पुढे ढकलताना हात सरळ पुढे जातो आणि बाजूचं एलेरॉन निम्मं सुटतं. फेरी उलट्या अवस्थेत अडकल्यासारखी होते. स्टिकचा मार्ग उजव्या भिंतीला घासत पुढे आणि उजव्या भिंतीला घासतच मागे, असा मनात धरा.

शिवाय काही विमानांत रडरमुळे फेरीचा वेगही बदलतो. उजव्या रोलमध्ये पहिल्या ९० ला डावं रडर फेरी मंदावतं, २७० ला उजवं रडर तिला ढकलतं. म्हणजे एकसारखी फेरी हवी तर एलेरॉन आधी जरा जास्त, शेवटी जरा कमी.

शेवटच्या पाव फेरीतली घसरण इथेही दिसते, पण कारणं वेगळी. एकतर २७० ला उजवा पाय उशिरा आला, नाहीतर पंख समतल होण्याआधीच स्टिक मागे आली. दुसऱ्या प्रकारात नाक खुणेवर थांबायच्या ऐवजी डावीकडे, खालच्या पंखाच्या दिशेने ओढलं जातं. सांगायला किचकट, ओळखायला सोपं: उजव्या रोलनंतर खूण उजवीकडे राहिली असेल तर हात घाईने मागे आला होता.

सराव तुकड्यांत करा. ९० ला थांबून "एक, दोन" मोजा, नाक हलतं का बघा. मग १८० ला, मग २७० ला. पुढे हाच फोर पॉइंट रोल होतो. स्पर्धेत पाच अंशांच्या चुकीला एक गुण जातो, यावरून डोळा किती बारीक लागतो त्याचा अंदाज येईल.

सावधान: उलटं असताना ऑइलच्या दाबाकडे एक नजर टाका. दाब पडला आणि परत येत नसेल तर थ्रॉटल मागे, पूर्ण एलेरॉनने सरळ.

## ७. बॅरल रोल

अंगाला सगळ्यात सुखाचा, पण मोजून करायला चिवट. लूप (हवेतलं उभं वर्तुळ) आणि रोल यांची सरमिसळ: विमान मोठ्या अदृश्य पिंपाच्या आतल्या भिंतीवरून सरकतं. जी सतत धन राहतो, म्हणून साध्या इंधनयंत्रणेलाही चालतो. स्पर्धांच्या आकृत्यांत तो नसतो, त्यामुळे काही जण त्याला हलक्यात घेतात. घेऊ नये: उंची सगळ्यात जास्त इथेच गमावली जाते.

खूण नाकासमोर नाही, रोलच्या बाजूला ४५ अंशांवर निवडा. डावीकडचा रोल धरू.

१. प्रवेशवेग, पंख समतल, खूण डावीकडे ४५ अंशांवर.
२. अडीच ते तीन जीने नाक वर. नाक क्षितिज ओलांडतं तेव्हा एलेरॉन सुरू करा, अलगद.
३. ९० अंश फिरलं तेव्हा नाक खुणेच्या बरोबर वर, क्षितिजापासून सुमारे ४५ अंश.
४. १८० अंश: पंख समतल, विमान उलटं, नाक क्षितिजावर किंवा थोडं वर, मूळ दिशेपासून ९० अंशांवर. जी एकच्या आसपास किंवा कमी.
५. २७० अंश: नाक खुणेच्या खाली.
६. ओढ वाढवत अडीच-तीन जीने मूळ दिशेला, मूळ उंचीला, पंख समतल.

फेरीचा वेग एकसारखा हवा, म्हणजे स्टिक एकाच जागी हवी असं नव्हे. वरच्या टोकाला वेग पडलेला असतो, तिथे एलेरॉन जास्त लागतं. खाली वेग चढला की कमी. ओढीचं उलट: खाली जास्त, वर कमी.

चौथी पायरी हा दरवाजा आहे. तिथे नाक क्षितिजाखाली असेल तर बॅरल रोल संपला. ओढ सोडा, पूर्ण एलेरॉन द्या, सरळ व्हा. "थोडंसंच खाली आहे, ओढून घेतो" म्हणणारा पाचव्या पायरीला नाक साठ अंश खाली आणि वेग लाल रेषेकडे अशा अवस्थेत पोचतो. नाक खाली असण्याचं कारण जवळजवळ नेहमी दुसऱ्या पायरीत सापडतं: नाक पुरेसं उचलण्याआधीच एलेरॉन दिलं, किंवा सुरुवातीला इतकं हळू फिरवलं की अर्धी फेरी व्हायच्या आत विमान कमान उतरायला लागलं.

उलट दोषही आहे. ओढ फार, एलेरॉन कमी, मग विमान तिरक्या लूपमध्ये जातं आणि वर पोचेपर्यंत वेग संपतो. स्टॉलची थरथर जाणवली तर ओढ सैल करा.

## ८. स्नॅप रोलबद्दल थोडंच

याला फ्लिकही म्हणतात. वरच्या तिघांशी नावापलीकडे फारसं नातं नाही, कारण हा आडवा स्पिन (स्टॉल झालेल्या विमानाची गरगर फिरत होणारी घसरण) आहे: एक पंख स्टॉल करून विमानाला आपोआप फिरू द्यायचं. वेग कमी लागतो, आणि हँडबुकातला कमाल स्नॅपवेग ओलांडायचा नाही. क्रम: स्टिक झटक्यात मागे, लगेच पूर्ण रडर, थांबवताना उलटं रडर आणि स्टिक पुढे, ठरल्या जागेच्या बरंच आधी.

स्टिक हळू ओढली तर विमान स्टॉल न होता वर चढतं आणि कसाबसा बॅरल रोल होतो. सुरुवातीलाच एलेरॉन दिलं तरी तेच. थांबवायला उशीर झाला तर स्पिन, म्हणून स्पिनमधून सुटका पक्की असल्याशिवाय याला हात लावू नये. प्रॉपेलर आणि क्रँकशाफ्टवर जायरोचा भार मोठा येतो. दिवसात दोन-चार पुरे.

## ९. उतरल्यावर

मळमळ सुरू झाली की सराव थांबवा, रेटू नका. दोन-तीन मिनिटं सपाट उडा, नजर दूर क्षितिजावर. शिकणाऱ्याला सलग वीस मिनिटं हेच भरपूर.

इंजिन बंद केल्यावर जी-मीटरचे दोन्ही काटे वाचा, धन आणि ऋण, आणि मगच रीसेट करा. न वाचता रीसेट केलेला काटा पुढच्या वैमानिकाचा घात करतो. मर्यादा ओलांडली असेल, किंवा एलेरॉन वळलेले असताना ओढल्याची नुसती शंका असेल, तर तशी नोंद करा आणि अभियंत्याने बघेपर्यंत विमान उभं ठेवा. पंखाच्या मुळाशी पत्र्यावर सुरकुती, रिव्हेटभोवती काळी रेघ, कॅनोपीच्या कडेला नवी चीर हे स्वतःही बघून घ्या. फॅब्रिकच्या पंखावर रिब्जवरचे (पंखातल्या फासळ्यांवरचे) टाके आणि कापड यांवर हात फिरवा, सैल झालेलं बोटांना लागतं. पोटाखालच्या ब्रीदर नळीशी (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीशी) किती ऑइल सांडलंय ते बघा आणि ऑइलची पातळी पुन्हा मोजा; इन्व्हर्टेड सरावानंतर ती अपेक्षेपेक्षा खाली असते, आणि पुढचं उड्डाण अर्ध्या तासावर असेल तर हीच तपासणी सगळ्यात आधी राहून जाते.